जर्मनीत एक सेमिस्टर: कॅफेत काम की विद्यापीठात?

पुण्याहून एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघालेली भाची विचारत होती, कॅफेत काम धरू की विद्यापीठात 'हिवी', म्हणजे विद्यार्थी सहायक, होऊ?

पैशात फार फरक नाही. 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे, ते दोन्हीकडे लागू. कॅफेत वर टिप मिळते.

खरा फरक नियमांत आहे. आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. कॅफेतली प्रत्येक पाळी त्यातून वजा होते. हिवीचं काम सहसा त्यात धरत नाहीत.

पण हिवीची जागा मिळणं सोपं नाही. प्राध्यापक ओळखीचा विद्यार्थी आधी घेतात, करारालाही वेळ लागतो. तोवर निम्मं सेमिस्टर सरतं. कॅफेत काम लवकर मिळू शकतं, मात्र गिऱ्हाइकाची ऑर्डर समजण्याइतकं जर्मन हवंच. ते तिथेच झपाट्याने सुधारतं, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

सहा महिन्यांसाठी जाणाऱ्याने कॅफे धरावं. वर्षभर राहणार असाल, पुढे तिथेच मास्टर्स करायचं असेल, तर निघण्याआधीच प्राध्यापकांना ईमेल टाका.