लोकलचं स्मार्ट कार्ड : आठ महिने वापरल्यावर

मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहायची कामं करते. सोमवारी मुलुंड, बुधवारी चिंचपोकळी, मधूनच एखाद्या दिवशी वसई. रोजचा ठरलेला प्रवास नसल्यामुळे पास काढून उपयोग नाही, दर वेळी तिकीटच काढावं लागतं. म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिकीट खिडकीवरून दोन स्मार्ट कार्डं घेतली, एक माझं आणि एक बाबांसाठी. कार्डात आधी पैसे भरून ठेवायचे आणि स्टेशनवरच्या मशीनमधून आपलं आपण तिकीट काढायचं. बाबा 74 वर्षांचे आहेत, साधा बटणांचा फोन वापरतात आणि आठवड्यातून दोनदा लोकलने दादरला ग्रंथालयात जातात. खरं तर कार्ड त्यांच्यासाठीच हवं होतं.

आधी चांगलं ते सांगते. मशीन धड असेल तर हे कार्ड फार सोयीचं आहे. खाचेत कार्ड ठेवा, नकाशावर स्टेशन दाबा, वर्ग निवडा, एकेरी की परतीचं ते सांगा, की तिकीट बाहेर. अर्धा मिनिटही लागत नाही. सेकंड क्लासचं सगळ्यात कमी भाडं 5 रुपये, त्यापुढचं 10, त्यामुळे खिडकीवर सुट्ट्या पैशांवरून रोज जी कटकट होते ती इथे नाही. रिचार्जवर 3 टक्के बोनस मिळतो, 500 भरले की कार्डावर 515 जमा. पहिले दोन आठवडे मी भेटेल त्याला ‘कार्ड घे’ म्हणून सांगत होते.

मग पाऊस सुरू झाला. आमच्या स्टेशनवर पूर्वेला पाच मशीन आहेत, त्यातली दोन चालू असली तरी नशीब समजायचं. स्क्रीन बोटांनी घासून घासून इतकी बोथट झाली आहे की एका स्टेशनवर बोट ठेवावं आणि शेजारचं निवडलं जावं. बोट ओलं असेल तर काहीच होत नाही. मी पर्समध्ये रुमाल ठेवते तो आता फक्त या स्क्रीनसाठी. आणि तिकीट हातात येईपर्यंत कार्ड खाचेतून जरासुद्धा हलवायचं नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून. मागे रांग असते, वर गाडीची घोषणा चालू असते, आणि आपण कार्डावर बोट दाबून उभे.

जुलैमध्ये एकदा कार्डातून पैसे कापले गेले, पण तिकीट आलंच नाही. आतला कागदाचा रोल संपला असावा. खिडकीवर गेले तर म्हणाले, मशीनचा नंबर आणि वेळ घालून अर्ज लिहून द्या. परतीच्या तिकिटाच्या वीस रुपयांसाठी अर्ज लिहीत बसायचं की गाडी पकडायची? विनातिकीट सापडलं तर कमीत कमी 250 रुपये दंड आणि वर भाडं, म्हणून रोख देऊन दुसरं तिकीट काढलं. ते वीस रुपये मी सोडून दिले, पण त्याचा राग अजून गेलेला नाही.

बाबांची अडचण याहून मोठी आहे. कार्डात किती पैसे उरले हे मशीनवर ठेवल्याशिवाय कळत नाही. एका गुरुवारी त्यांच्या कार्डावर 3 रुपये निघाले. मागचे लोक ‘आजोबा, बाजूला व्हा ना’ म्हणायला लागले तेव्हा ते निमूट बाजूला झाले, रिचार्जसाठी खिडकीच्या रांगेत गेले आणि दोन गाड्या चुकल्या. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, ‘अगं, त्याच रांगेत उभं राहायचं तर कार्ड कशाला?’

मला त्यांना उत्तर देता आलं नाही, कारण त्यांचं बरोबर होतं. मशीनवर क्यूआर कोडने रिचार्ज होतो, पण त्यासाठी यूपीआयवाला फोन लागतो. तसा फोन ज्याच्याकडे आहे तो त्याच मशीनवर कार्डाशिवाय तिकीट काढू शकतो, नाहीतर तिकीट काढायचं रेल्वेचं अ‍ॅप आहेच. म्हणजे हे कार्ड खऱ्या अर्थाने उरतं ते फोन न वापरणाऱ्यांसाठी, आणि नेमकं त्यांनाच रोख घेऊन खिडकीवर पाठवलं जातं.

शेवटी बाबांना आधार मिळाला तो मशीनपाशी स्टुलावर बसणाऱ्या मदतनीस काकांचा. ते स्वतःच्या कार्डावरून भराभर तिकिटं काढून देतात आणि रोख घेतात. त्यांची बोटं त्या स्क्रीनला सरावलेली आहेत, नेमकं कुठे दाबायचं ते त्यांना ठाऊक. बाबा दिसले की ते न विचारता ‘दादर रिटर्न’ काढतात. दुपारी दोननंतर मात्र ते नसतात.

घाटकोपर–वर्सोवा मेट्रोत 2014 पासून लोक गेटवर कार्ड टेकवून आत जातात. लोकलच्या स्टेशनांना इतके पूल, इतक्या वाटा आहेत की तशी गेटं बसवणं सोपं नाही, हे मला कळतं. पण मेट्रोचं आणि बसचं कार्ड लोकलच्या मशीनवर चालायला गेटं कशाला हवीत? माझ्या पर्समध्ये आज दोन वेगवेगळी कार्डं आहेत, आणि दोन्हींत थोडे थोडे पैसे अडकलेले. तोवर निदान तिकीट निघाल्यावर उरलेली रक्कम त्यावर ठळक छापा, आणि सगळ्या मशीनमध्ये रोल आहे का ते सकाळी पहिल्या गाडीआधी बघा.

नवीन घेणाऱ्यांना सांगायचं तर, फोन असेल तर अ‍ॅप वापरा. घरातल्या वडीलधाऱ्यांना कार्ड देणार असाल तर रिचार्ज तुम्ही करा, त्यांच्यावर सोडू नका. मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांचं कार्ड घेऊन स्टेशनवर जाते, 200 रुपये टाकते आणि शिल्लक चिठ्ठीवर लिहून कार्डाच्या पाकिटात ठेवते. बाबा प्रत्येक फेरीनंतर त्यातून 20 वजा करतात.