आंब्याची साठं: गच्चीवरचं ऊन की डिहायड्रेटर?

दहा वर्षं मी साठं (आंब्याचा रस ताटात वाळवून केलेली पोळी) उन्हात घातली, गेले तीन उन्हाळे डिहायड्रेटरमध्ये, म्हणजे गरम वाऱ्यावर वाळवणाऱ्या विजेच्या यंत्रात घालतोय. यंत्र घ्यावं की नको, असं विचारणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो: तुमची गच्ची आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत?

आमच्याकडे एकवीस आहेत. निर्णय त्या एकवीस पायऱ्यांनीच केला.

साठांना आमच्याकडे रायवळच, म्हणजे कलम न केलेला गावठी आंबाच लागतो. हापूसचीही होतात, पण रायवळाच्या पातळ, आंबटगोड रसाला वाळल्यावर जी चव येते ती वेगळीच. हा आंबा मेच्या मध्यावर ढिगाने येतो आणि नेमके तेव्हाच दुपारचे ढग जमायला लागतात. खणखणीत ऊन असेल तर तूप लावलेल्या ताटातला रस संध्याकाळपर्यंत धरतो. ढगाळ दिवशी मात्र वर नुसती साय येते आणि खाली रस तसाच राहतो. रात्री ताटं वर ठेवता येत नाहीत. मुंग्या आहेत, वानरं आहेत आणि कोकणातल्या रात्रीची दमट हवा दिवसभराचं वाळवण पुन्हा चिकट करते. म्हणजे सोळा ताटं खाली आणायची.

ताट दोन्ही हातांत धरून अरुंद जिना उतरताना ते कितीही जपलं तरी जरा कलतंच. सायीखालचा रस एका बाजूला सरकतो आणि साय सुरकुतते. सकाळी बघावं तर एक कड कागदासारखी पातळ आणि समोरची बोटभर जाड. पुढचे तीन दिवस हे ताट एकसारखं वाळतच नाही. पातळ बाजू कडकडीत होऊन मोडते, जाड बाजू आतून ओली राहते. सोडवताना साठ मधोमध फाटतं, आणि ओला भाग डब्यात गेला की पंधरा दिवसांत बुरशी. ज्या वर्षी सोळापैकी सात ताटं अशी गेली, त्या वर्षी मी यंत्र घेतलं.

यंत्रात रस ओतला की वाळेपर्यंत हलवायचा नाही. माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं.

पण यंत्राच्याही खोडी आहेत. एकावर एक गोल चाळण्या आणि पंखा खाली, असं यंत्र भाजीच्या कापांना चांगलं. रसासाठी चाळणीवर सलग शीट पसरावी लागते, तिने खालून येणारा वारा अडतो आणि तास वाढतात. पंखा मागे असलेली चौकोनी पेटी घ्यावी, असं मला वाटतं. बटर पेपर नको. ओल्या रसाने तो चुरगळतो आणि त्याच्या घड्या साठावर उमटतात. सिलिकॉनची शीट बरी. रस मध्ये पातळ आणि कडेला किंचित जाड पसरावा, कारण कडा आधी वाळतात. घाईने तापमान चढवू नये, नाहीतर वर कातडी धरते आणि आतला ओलावा आतच कोंडतो. वरची बाजू हाताला चिकटेनाशी झाली की साठ उलटायचं. मधोमध बोट दाबून खळगा पडला नाही की झालं.

माझ्या सहा ट्रेमध्ये अडीच लिटरच्या आसपास रस मावतो. गच्चीवर याच्या तिप्पट सहज वाळायचा. यंत्र 500 वॉटचं आहे, म्हणजे 14 तासांना फार तर 7 युनिट. पंख्याची घरघर रात्रभर चालते, त्यामुळे झोपायच्या खोलीजवळ ते ठेवू नका.

चवीबद्दल माझ्या घरातच एकमत नाही. उन्हातलं साठ काळपट तपकिरी होतं आणि त्याची चव खोल असते. यंत्रातलं केशरी राहतं, वासही ताज्या रसाचा येतो. आई अजून उन्हातलंच मागते. रोज थरावर थर देत चार-पाच दिवसांत केलेलं जाड साठ हवं असेल, तर तिचं म्हणणं खोटं नाही.

न शिजवता, कमी उष्णतेवर वाळवणारे लोक 45-46 अंशांच्या वर जात नाहीत. त्यांना ऊन सौम्य वाटतं. मेमध्ये दुपारी दीड वाजता स्टीलच्या ताटाला बोट लावून बघा, चटका बसतो. आकडा सांभाळायचाच असेल तर यंत्राचं बटण जास्त भरवशाचं. मात्र 45 वर आंब्याला 18-20 तास धरा.

भाज्या किंवा शहाळं वाटून, पातळ पसरून वाळवलेल्या पोळ्यांना तर मी ऊन सुचवणारच नाही. शहाळ्याची मलई, थोडं शहाळ्याचं पाणी आणि चिमूटभर हळद वाटून पसरली की भाजी गुंडाळायला सुरेख, लवचीक पोळी होते. पण तिला आंबटपणाचा किंवा साखरेचा आधार नाही. हळू वाळली तर संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. गाजर-टोमॅटोच्या पोळीत जवसाची पूड घालावी, नाहीतर गुंडाळताना तडा जातो. या पोळ्या पूर्ण कोरड्या होण्याआधीच काढायच्या.

राहिला फणस. बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाचा चाळून काढलेला गर दाट असतो, हाताने थापावा लागतो, त्यामुळे ताट कललं तरी तो जागचा हलत नाही. फणसपोळीला ऊन उत्तमच. पण आमच्याकडे बरका पिकून पडायला लागतो तो मेच्या अखेरीस, आणि तेव्हा गच्चीवर ताडपत्री अंथरलेली असते.

घरासमोर सपाट अंगण असेल, ताटं चार पावलांत पडवीत येत असतील आणि एप्रिलमध्येच पिकणारा रायवळ दारात असेल, तर एवढा खर्च करू नये. आमच्या दारात आंबा आहे, पण तो पंधरा मेच्या आधी पिकत नाही.