घरी बांधलेले ओव्हरड्राइव्ह पेडल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी स्वतःच्या हाताने बांधलेले एक ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम चिरकवणारी पायाखालची डबी, जवळजवळ रोज वापरतो आहे. दररोजचा तासाभराचा सराव, आठवड्यातून एकदा बँडची तालीम आणि मधूनमधून एखादा कार्यक्रम, असा त्याचा वापर आहे. सर्किट माझे नाही. ते ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यातले आहे, म्हणजे १९७९ च्या सुमारास आयबानेझ कंपनीच्या नावाने आलेल्या टीएस८०८ या पेडलवर बेतलेले. मूळ रचनेत सुरुवातीला आणि शेवटी ट्रान्झिस्टरचा एकेक बफर (सिग्नल कमजोर होऊ न देणारा टप्पा) असतो आणि चालू-बंद करण्यासाठी इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. हे सगळे मी वगळले आणि नऊ पायांचा यांत्रिक फूटस्विच लावला, त्यामुळे पेडल बंद असताना गिटारचा सिग्नल सर्किटला न शिवता सरळ पुढे जातो. सर्व भाग तांब्याच्या समांतर पट्ट्या असलेल्या व्हेरोबोर्डवर सोल्डर केले आणि बोर्ड ॲल्युमिनियमच्या डबीत बसवला.

आवाजाबद्दल आधी सांगतो, कारण पेडल शेवटी त्यासाठीच असते. या सर्किटमध्ये सिग्नल कापणारे डायोड ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परतणाऱ्या वाटेत असतात, बाहेर पडणाऱ्या सिग्नलपासून जमिनीकडे (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या वाटेकडे) जोडलेले नसतात. त्यामुळे कापलेल्या आवाजाच्या जोडीला मूळ स्वच्छ सिग्नलही तसाच बाहेर पडतो आणि प्लेक्ट्रमचा आघात शाबूत राहतो. हलक्या हाताने वाजवले की आवाज जवळपास स्वच्छ असतो, जोर दिला की तो चिरकतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की पुन्हा निवळतो. हे वागणे आठ महिन्यांत जरासुद्धा बदललेले नाही. चिप सॉकेटमध्ये असल्यामुळे मी ४५५८ काढून टीएल०७२ लावूनही पाहिली. या चिपबद्दल जेवढे लिहिले जाते तेवढा फरक मला तरी ऐकू आला नाही. १एन४१४८ डायोडांच्या जागी लाल एलईडी लावल्यावर मात्र फरक लगेच कळला. एलईडी बऱ्याच जास्त व्होल्टेजला सिग्नल कापतात, त्यामुळे आवाज मोठा आणि मोकळा होतो, पण चिरका गोडवा कमी होतो. मी परत १एन४१४८ वर आलो.

हा आवाज पहिल्या दिवशी मिळाला नव्हता. पेडल पहिल्यांदा लावले तेव्हा आवाज आला, दिवा लागला, तिन्ही नॉब काम करत होते, आणि तरीही काहीतरी चुकत होते. ड्राइव्ह पूर्ण फिरवला तरी आवाज जेमतेम खरबरीत होत होता आणि जाड तारा गढूळ वाटत होत्या. पेडल मुकेच असते तर शोध सोपा गेला असता, कारण मुक्या पेडलमध्ये सिग्नल कुठे तरी तुटलेला असतो आणि ती जागा सापडतेच. अर्धवट चालणारे पेडल माणसाला जास्त छळते.

मी मल्टिमीटर घेतला. चिपच्या पिन ८ वर नऊ व्होल्ट, पिन ४ वर शून्य, आणि बाकीच्या बहुतेक पिनांवर साडेचार, म्हणजे सगळे हवे तसेच. फक्त पिन ३ वर ४.१ दिसले आणि तिथेच मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. तो दोष नव्हताच. पिन ३ ला साडेचार व्होल्ट एक मेगओहमच्या रेझिस्टरमधून मिळतात, आणि मीटरचा स्वतःचा रोध दहा मेगओहम असल्यामुळे तो टेकवताक्षणी त्या बिंदूचा दाब थोडा खाली खेचला जातो. मोजण्याची खरी जागा पिन १ आहे. तिथे ऑप-अँपचे स्वतःचे आउटपुट असल्यामुळे मीटर त्याला हलवू शकत नाही, आणि तिथे साडेचार दिसले म्हणजे पिन ३ वरही साडेचारच आहेत, असे समजावे.

मीटरला दोष दिसेना म्हणून मी ऐकण्याचा प्रोब केला. वायरच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडायचा, दुसरे टोक ॲम्पला द्यायचे, जमिनीची वायर पेडलच्या जमिनीला लावायची, ॲम्पचा आवाज अगदी कमी ठेवायचा आणि सिग्नलच्या वाटेवर एकेका बिंदूला कपॅसिटरचे मोकळे टोक टेकवत जायचे. या छंदात एवढी उपयोगी आणि एवढी साधी दुसरी वस्तू नाही, असे माझे मत झाले आहे. पिन ३ वर गिटार स्वच्छ ऐकू आली. पिन १ वर ती जोरात आणि फाटून यायला हवी होती, पण किंचित मोठी आणि घुमणारी आली. म्हणजे टोनचा भाग निर्दोष होता आणि चूक पहिल्या टप्प्यातच होती. तिथे मोजून सात-आठ भाग. डायोड बदलले, चिप बदलली, फरक शून्य.

मग बॅटरी काढून एकेक रेझिस्टर मोजायला घेतला. पिन २ पासून एका कपॅसिटरमार्गे जमिनीकडे जाणारा रेझिस्टर ४.७ किलोओहमचा असतो. मीटरने ४७ किलोओहम दाखवले. पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरमध्ये ४.७ किलोओहमचे रंग पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी, तपकिरी असे असतात, आणि ४७ चे पिवळा, जांभळा, काळा, लाल, तपकिरी. निळ्या अंगावरचा लाल आणि तपकिरी रंग रात्री दिव्याखाली एकमेकांपासून वेगळे ओळखणे मला तरी जमले नाही. या एका रेझिस्टरवर दोन गोष्टी अवलंबून असतात. रोध योग्य असला की हा टप्पा सिग्नल सुमारे १२ ते ११८ पट वाढवतो आणि ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला हळूहळू कमी वाव देतो. माझ्या चुकीमुळे वाढ फक्त दोन ते तेरा पट होत होती आणि ती सीमा ७२ हर्ट्झवर गेली होती. थोडक्यात, माझा ड्राइव्ह पूर्ण फिरवला की योग्य पेडलमध्ये नॉब शून्यावर असताना जेवढे होते तेवढेच होत होते, आणि तेसुद्धा सगळा खर्ज सोबत घेऊन. डीसी, म्हणजे स्थिर, व्होल्टेजमध्ये याचा मागमूसही नव्हता, कारण त्या वाटेवर कपॅसिटर असल्याने तिथून डीसी जातच नाही. त्याच कारणामुळे तो रेझिस्टर बोर्डवरून न काढता मोजता आला, हे माझे नशीब. बाकीच्या बऱ्याच रेझिस्टरांना समांतर वाटा असतात आणि बोर्डवर मोजले की आकडा कमी येतो. तेव्हापासून मी प्रत्येक रेझिस्टर सोल्डर करण्याआधी मीटरला लावतो. याला अर्धा मिनिट लागतो, आणि मी वाया घालवले होते दोन शनिवार-रविवार.

त्यानंतर चार महिने पेडलने काहीच तक्रार केली नाही. पाचव्या महिन्यात तालमीच्या वेळी केबल हलली की खरखर आणि मध्येच मोठा गुंजारव येऊ लागला. पायाने डबी जराशी दाबली की तो थांबे, आणि घरी आणून टेबलावर ठेवली की दोष नाहीसा. मी आधी केबलला, मग फूटस्विचला, मग बोर्डवरच्या एखाद्या कोरड्या (नीट न चिकटलेल्या) सोल्डरला दोष दिला. संशयापोटी दहा-बारा जोड पुन्हा तापवले. या भरात फूटस्विचच्या एका पायावर सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवली, आतले प्लॅस्टिक वितळले आणि चांगला स्विच माझ्या हातून मेला. तो बदलताना नऊ वायरी काढून पुन्हा लावाव्या लागल्या.

खरे कारण बांधणीच्या वेळच्या माझ्या आळसात होते. दोन जॅकांपैकी फक्त इनपुट जॅकच्या जमिनीला मी वायर दिली होती. आउटपुट जॅकची जमीन डबीच्या धातूमधून मिळेल असा हिशेब होता, आणि तो चूक नव्हता, फक्त जॅकचे नट घट्ट असेपर्यंतच बरोबर होता. केबल शेकडो वेळा घालून-काढून नट सैल झाला होता. त्यात भर म्हणजे डबी मी स्वतः रंगवली होती आणि रंग भोकांच्या आतल्या कडेलाही गेला होता, त्यामुळे जॅकचा धातू डबीला दोन-तीन ठिकाणीच टेकत होता. मी भोकांभोवतीचा रंग आतून खरवडला, जॅकखाली दातेरी वॉशर टाकला, आणि मुख्य म्हणजे आउटपुट जॅकच्या जमिनीला स्वतंत्र वायर दिली. तेव्हापासून हा दोष परतलेला नाही. आठ महिन्यांत एकही रेझिस्टर, कपॅसिटर किंवा चिप बिघडलेली नाही. जे काही बिघडले ते माझ्या हाताने जोडलेल्या वायरीत, नटांत आणि जॅकमध्ये. म्हणून आता दोष शोधायला बसलो की बोर्डकडे शेवटी वळतो.

विजेच्या बाबतीत दोन अनुभव आले. सर्किट एलईडीसह पाच ते सहा मिलिॲम्पिअर घेते, म्हणजे नऊ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीवर ते सहज ऐंशी तास चालायला हवे. तरीही माझी पहिली बॅटरी आठवड्यात संपली. इनपुटला स्टिरिओ जॅक लावून बॅटरीचा ऋण त्याच्या मधल्या संपर्कातून नेलेला असतो, त्यामुळे प्लग आत असेपर्यंत बॅटरी जोडलेली राहते. फूटस्विचने दिवा विझतो, सर्किट विझत नाही. मी केबल तशीच लावून ठेवत होतो. दुसरा अनुभव अडॅप्टरचा. एकाच अडॅप्टरवर हे पेडल आणि एक डिजिटल डिले (प्रतिध्वनीचे पेडल) चालवले की मागे बारीक शिट्टी ऐकू येते. विजेच्या वाटेवर शंभर ओहमचा रेझिस्टर आणि शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकल्यावर ती बरीच दबली, पण पूर्ण गेली नाही. हा दोष पेडलचा आहे असे मी म्हणणार नाही. वेगळा अडॅप्टर लावला की शांतता असते.

स्विच दाबताना येणारा टप्प आवाज हे मात्र उणेच मानले पाहिजे. इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडून जमिनीला एक-एक मेगओहमचा रेझिस्टर दिल्यावर तो कमी झाला. शांत गाण्यात तो अजूनही ऐकू येतो, आणि मूळ पेडलमधला इलेक्ट्रॉनिक स्विच उगाच नव्हता हे तेव्हा पटते. बफर वगळल्याची किंमतही लांब केबलवर मोजावी लागते, पेडल बंद असताना चढे सूर किंचित मंदावतात.

या पेडलवरून धीर येऊन मी जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचे, १९६६ च्या फझ फेस या पेडलच्या धर्तीचे, एक पेडल बांधले. त्यात दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर भाग, पण त्याचा स्वभाव निराळा. जर्मेनियममधून गळणारा प्रवाह उष्णतेबरोबर वाढतो, म्हणून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्ट जमवून ठेवले तरी गरम दिवशी ते सरकतात आणि लांब सूर मध्येच तुटक होऊन विझतो. तिथे स्थिर रेझिस्टरऐवजी डबीबाहेरून फिरवता येईल असा छोटा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावला आहे. वाजवण्याआधी तो दोन मिनिटे कानाने जुळवावा लागतो.

सध्या ओव्हरड्राइव्हमध्ये एकच तक्रार उरली आहे. ड्राइव्हचा नॉब फिरवताना मधल्या भागात खरखर होते. व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरवर) असे झाले असते तर आउटपुटच्या कपॅसिटरमधून डीसी गळतो का, हे आधी तपासले असते. तो मोजला, शून्य आहे. ड्राइव्हच्या पॉटमध्ये बहुधा धूळच असावी. नवा पॉट आणून ठेवला आहे, पण तो नॉब मी गेले तीन महिने एकाच जागी ठेवून वाजवतो आहे, त्यामुळे डबी उघडलेली नाही.