सोलापूर–सांगोला एसटी, मंगळवेढा मार्गे

सांगोल्याला जायचं तर मी लालपरीच धरते आणि शेजारणींनाही तेच सांगते. माहेर सांगोला तालुक्यातलं, सासर सोलापुरात. सणवार, लग्नकार्य, आईचं दुखणंखुपणं, सगळं याच रस्त्यानं. मार्च 2023 पासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याआधीपासूनच फुकट. मागे एकदा घाईत खाजगी जीपमध्ये बसले, तर सीटा भरेपर्यंत ती हललीच नाही, वर मंगळवेढ्यातच उतरवलं. एसटीत चारच माणसं असली तरी वेळ झाली की कंडक्टर डबल बेल देतो.

पण मला ही गाडी आवडते ती नुसत्या तिकिटासाठी नाही. एसटीत पुढं आमदारांसाठी राखीव सीट असते. बाकीच्या ठिकाणी ती अक्षरं कुणी वाचतही नसेल. सांगोल्याच्या माणसाला मात्र ती वाचली की आबा आठवतात. गणपतराव देशमुख. 11 वेळा आमदार, तेही सांगोल्यातूनच आणि शेकापच्याच, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाच्याच लाल बावट्याखाली, आणि फिरायचे एसटीनं. परवा शेजारी बसलेले एक म्हातारबा त्या सीटकडं बोट दाखवून नातवाला सांगत होते, "आबा येष्टीनंच जायाचं बघ. कुनीबी जवळ जाऊन बोलायचं." नातवाला काही कळलं नसावं. मला कळलं.

आबा मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, 1926 चा जन्म, शिक्षणानं वकील. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला पुन्हा निसटते पडले आणि 1999 ला पुन्हा जिंकले. दोनदा मंत्री झाले, तरी पक्ष सोडला नाही. आमचा तालुका दुष्काळी, टँकरच्या रांगेत घागरी लावूनच आम्ही मोठ्या झालो. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी इकडं यावं म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं भांडला, आटपाडीच्या पाणी परिषदेत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीनं उभा राहिला. शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी काढली. 2014 ला शेवटचे निवडून आले तेव्हा वय सत्त्याऐंशीच्या पुढं होतं. 30 जुलै 2021 ला इथं सोलापुरातच गेले.

माझं स्पष्ट मत आहे, आमदाराला एसटीचा प्रवास फुकट असतो तो त्यानं वापरावा म्हणून. काचा वर केलेल्या गाडीतल्या माणसाला रेशनकार्डाचं गाऱ्हाणं कुठं सांगणार? इथं तर बाई मांडीवर पोर घेऊन बसलेली असते, कुणाच्या पायाशी मालदांडी ज्वारीचं पोतं, कुणाच्या हातात तहसीलचे कागद. तालुक्याचं काय चाललंय ते दोन तासांत कानावर पडतं.

आता कामाचं. सकाळची गाडी धरा. बेगमपूरला भीमेचा पूल येतो, पुढं माचणूर. तिथल्या सिद्धेश्वराच्या दर्शनाला उतरायचं तर कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. मंगळवेढा स्टँडवर घोटभर चहा होतो. आषाढी-कार्तिकीला गाड्या भरभरून असतात, तेव्हा लहान पोरं घेऊन निघू नका. आणि पंढरपूरवरूनही रस्ता आहे, म्हणून पाटीवर मंगळवेढा मार्गे लिहिलंय ना, ते बघूनच चढा.