तान्ह्या पोळ्याचा नंदी सजवायला चांगलं दुकान

तान्हा पोळा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी नंदी (बैल) सजवून मिरवायचा विदर्भातला सण. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडजवळ हे छोटं स्टेशनरीचं दुकान आहे. श्रावणात दर्शनी टेबलावर पोळ्याचा आखर (बैल जमतात ती तोरणाखालची जागा) मांडतात : वर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली लाकडी नंद्यांची रांग. एक नंदी कोरा, दुसरा प्रायमर दिलेला, तिसरा रंगवलेला, चौथा झूल घातलेला. पोरांना नुसतं बघूनच सारं काम समजतं. ही मांडणी खरंच शाबासकीची!

नंदी सागाचा घ्या, शिंगाजवळ चीर असेल तर टाळा. चाकं फिरवून पाहा. खिळ्याला वॉशर नसलं की लाकूड घासत जातं आणि चाक मिरवणुकीतच निखळतं. मागितलं तर इथे वॉशर बसवून देतात.

रंगाच्या सेटमध्ये पॉलिश पेपर नसतो, ही मोठी उणीव. 120 नंबरचा वेगळा घ्या. घासून, पुसून प्रायमरचा एक हात द्या, रात्रभर वाळवा, मग ॲक्रिलिकचे दोन पातळ हात. हवा दमट असते. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो, बोटांचे ठसे उमटतात. ऑइलपेंट नकोच. त्या गुळगुळीत थरात फेविकॉल मुरत नाही, टिकल्या आणि बेगड गळून पडतात.

8 इंची नंदीच्या झुलीला 6 बाय 8 इंच फेल्ट पुरतं. साटीनच्या कडा उसवतात. मठाट्या (बैलाला घालायचा गोंड्यांचा साज) मात्र तयारच घ्या, गोंडे फार सुबक आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी गर्दीत काही धड बघायला मिळत नाही, आठवडाभर आधी जा.