जुळे सोलापुरातला दवाखाना: तेच तेच विचारतात म्हणून चार तारे

एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर होतो. दार लागलं, ड्रायव्हरला आरशात सगळं दिसतंय, तरी मी दोन घंट्या दिल्याशिवाय तो गाडी हलवायचा नाही. तेव्हा हा दवाखाना मला पहिल्याच दिवशी आवडायला हवा होता. पण मी चिडलो.

काउंटरवरच्या बाईंनी बायकोचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारली. आत कंपाउंडरनं तेच. रक्त घेणाऱ्या मुलीनं नळीवर नाव लिहायच्या आधी परत तेच. मी म्हटलं, "पाच मिनिटांत माणूस बदलतंय काय ओ?" ती म्हणाली, "काका, आज या नावाच्या तिघीजणी बसल्यात." बाहेर बघितलं तर खरंच तिघी. त्यात आमच्या पिढीची गंमत अशी की शाळेत घालताना मास्तरांनी निम्म्या गावाला १ जून लावून टाकलेला. त्या तिघींतल्या दोघी १ जूनवाल्या! म्हणून इथं मोबाइलचे शेवटचे चार आकडेपण विचारतात.

आम्ही इथं आलो त्याला कारण सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजांची, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक बघायला उभे होतो. काठ्या अजून पुढे गेल्या नव्हत्या तोच बायकोला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक. शेजारच्या बाईंना काय सुचलं देव जाणे, रसवाल्याकडून उसाचा रस आणून पाजला. रिक्षानं दवाखान्यात नेलं, तर रस पिऊनही साखर ५८. ७० च्या खाली गेली की धोका, हे तेव्हा कळलं.

झालं होतं असं. एका डॉक्टरांनी साखरेची गोळी दिलेली. पुढे गुडघ्यासाठी दुसरीकडे गेलो, त्यांनीही साखर बघून एक गोळी लिहिली. दोन्हीची नावं वेगळी, पाकिटं वेगळी, आत औषध एकच: ग्लिमेपिराइड. आधी काय चालू आहे हे तिथं कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. ती बिचारी तीन आठवडे दोन्ही घेत होती, वेळ चुकू न देता.

इथं नाव घालताना पहिलीच अट: घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. चादरीच्या दुकानाची कापडी पिशवी भरून नेली. डॉक्टरांनी सगळ्या स्ट्रिपा टेबलावर ओतल्या आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचत एकेक बाजूला केली. ग्लिमेपिराइडच्या दोन स्ट्रिपा शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, "मावशी, ही आणि ही सख्ख्या बहिणी नाहीत, एकच बाई आहे, साडी बदललेली." तिला हे आजतागायत पाठ आहे. या गोळीचा असर दिवसभर राहतो, त्यामुळे गोड खाऊन बरं वाटलं तरी साखर पुन्हा उतरू शकते, हेही सांगितलं. मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्यावरची गोळी, डायक्लोफेनॅक, मात्र कचऱ्यात गेली. बी.पी.ची गोळी चालू, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते त्यावरून कळतं) वाढलेलं, त्यावर हे म्हणजे किडनीला मार.

चिठ्ठी मोठ्या इंग्रजी अक्षरांत, औषधाच्या मूळ नावानं. खाली मराठीत सकाळ-संध्याकाळ. मग डॉक्टर गप्प बसतात आणि म्हणतात, "आता तुम्ही सांगा, कुठली कधी?" पहिल्यांदा बायको फणकारली, "शाळा हाय का ही?" आणि चुकलीच. जेवणाआधीची नंतर सांगितली. आमच्या शेजारणीला संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची आहे, तिच्या चिठ्ठीवर चौकट करून "फक्त सोमवारी" लिहिलंय. रोज घेतली तर जिवावर बेतते म्हणे.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे रिपोर्टची वही. तपासणीला गेलेलं प्रत्येक नाव त्यात, रिपोर्ट आला की टिक, पेशंटला सांगितला की दुसरी टिक. संध्याकाळी एक टिक असलेल्यांना फोन जातात. डेपोत रात्री वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, जुळवायचो तसंच. रुपया कमी असला तरी घरी जाता यायचं नाही.

चुका इथंही होतात. एकदा दुसऱ्याच पेशंटचं कार्ड डॉक्टरांपुढे गेलं. त्यांनी स्वतःच ओळखलं, आमची माफी मागितली आणि एका वहीत लिहून घेतलं. कंपाउंडरला ओरडले नाहीत. पुढच्या वेळी बघतो तर सारख्या नावाच्या कार्डांना लाल पट्टी.

इंजेक्शनची सुई समोर फोडतात, टोचून झाली की पांढऱ्या जाड डब्यात. उगाच सलाईन मागायला जाऊ नका, मिळणार नाही.

आता तक्रारी. दीड तास थांबावं लागतं, शनिवारी जास्त. रात्री नऊनंतर फोन लागत नाही. आणि प्रवेशाची पायरी फूटभर उंच, गुळगुळीत शहाबादी फरशी, कठडा नाही! औषधात इतकं जपणारी माणसं, आणि म्हातारी माणसं दारातच घसरायची. मी दोनदा सांगितलं, त्यांनी तेही वहीत लिहिलं. परवा गेलो तर पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारलाय. कठडा बसला की पाचवा तारा टाकीन.