मातीतून पीएचबी काढायचा प्रयोगसंच : रंगद्रव्यं झकास, डिश मात्र चुकीच्या

पीएचबी म्हणजे पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट, जिवाणू पेशीत साठा म्हणून जमवतात ते जैवप्लॅस्टिक. कोल्हापुरात बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हा संच चालेल, पण आहे तसा नाही. जिवाणू वाढवायच्या माध्यमाची पावडर, सुदान ब्लॅक बी आणि सॅफ्रॅनिन ही रंगद्रव्यं, पेशी फोडायला हायपोक्लोराइट आणि पेट्री डिश एवढं त्यात येतं. जादा रंग धुवायचं झायलीन आणि पीएचबी विरघळवायचं क्लोरोफॉर्म आपलं आपण आणायचं.

उसाच्या सरीतली मुळाजवळची १ ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक पाण्यात ढवळून ८० अंशांवर १० मिनिटं ठेवली की मुख्यतः बीजाणू (उष्णता सोसणारं सुप्त रूप) करणारे जिवाणू तगतात. त्यातल्याच बॅसिलस मेगाटेरियममध्ये मॉरिस लेमॉन्य यांना १९२६ साली पीएचबी सापडलं. पावडरीतल्या ग्लुकोजऐवजी काकवीही चालते. हा जिवाणू उसाची साखर थेट खातो. कारखानदारीतला नावाजलेला क्युप्रियाव्हिडस नेकेटर मात्र खात नाही, त्याला ती आधी फोडून द्यावी लागते.

पुस्तिकेत नायट्रोजनबद्दल एकच ओळ आहे, आणि खरी मेख तिथेच. कर्ब मुबलक आणि नायट्रोजनची उपासमार, असं झालं की पेशी पीएचबीचे कण भरभरून साठवते. वाढ दिसेना म्हणून नायट्रोजन पुरवणारं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट वाढवलं, की फ्लास्क छान गढूळ होतो आणि कण जेमतेम. उशीर केला तरी नुकसानच, कारण बीजाणू बनवताना जिवाणू साठवलेलं पीएचबी वापरून टाकतो.

सुदान ब्लॅक उत्तम आहे. गुलाबी पेशीत निळे-काळे ठिपके स्वच्छ दिसतात. पण ते साध्या चरबीलाही चढतं, तेव्हा ठिपके दिसले म्हणजे पीएचबी सिद्ध झालं असं नाही.

गंभीर चूक डिशची. पेशी हायपोक्लोराइटमध्ये ३७ अंशांवर तासभर ठेवून, पाणी आणि ॲसिटोननं धुऊन, उरलेला पांढरा गाळ गरम क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचा आणि डिशमध्ये सुकवायचा. संचातल्या डिश पॉलिस्टायरीनच्या! क्लोरोफॉर्म ओतताच डिशचा तळ चिकट होऊन विरघळतो आणि सुकल्यावर पापुद्रा मिळतो तो डिशचाच. विद्यार्थी तेच जैवप्लॅस्टिक म्हणून जर्नलला चिकटवणार. काचेचीच डिश घ्या, आणि हे सगळं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात). शंका आली तर तुकडा संहत सल्फ्युरिक आम्लात तापवा: पीएचबीचं क्रोटोनिक आम्ल होतं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २३५ नॅनोमीटरला प्रकाशशोषणाचं शिखर दिसतं.

हायपोक्लोराइटची बाटली जुनी असेल तर पेशी नीट फुटत नाहीत. म्हणून तासाचे तीन तास केले तर पीएचबीच्या साखळ्याही तुटतात आणि पापुद्रा बोट लावताच भुगा होतो. बाटलीवरची तारीख दुकानातच बघून घ्या.